आखाड्याबाहेरचे आई-बाप



आजचं वाचन श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ४३ आणि ४४, आणि ४५ व्या अध्यायाची सुरुवात. क्रमाने वाचतोय म्हणून हे अध्याय आज आले, मी मुद्दाम निवडले नाहीत. पण वेळ बरोबर साधली गेली. शालेय कुस्त्यांचे दिवस आहेत. तालुक्याच्या झाल्या, जिल्ह्याच्या झाल्या, आता निवड झालेली पोरं अमरावती विभागाच्या तयारीला लागलीत. आणि आजच्या अध्यायांत आहे ती कुस्तीच. मथुरेच्या आखाड्यात कृष्णाची जोड चाणूराशी आणि बलरामाची मुष्टिकाशी.

ही कथा आपल्याला लहानपणापासून माहीत. कीर्तनात बुवा चाणूराचा प्रसंग रंगवायला लागले की आपण सगळे कृष्णाकडे बघत बसतो. शेवट ठाऊक असतो, त्यामुळे काळजी कसली नसते. आज मात्र आखाड्याच्या बाहेर बघू या. तिथे या दोन पोरांचे आई-बाप आहेत, आणि त्यांना शेवट ठाऊक नाही.

आधी प्रसंग थोडक्यात. कंसाने धनुर्यागाचं निमित्त करून अक्रूराकरवी दोघांना मथुरेत बोलावलं. नंदबाबा आणि गोप बरोबर आले, राजाला भेटी दिल्या आणि एका मंचावर जाऊन बसले. वसुदेव-देवकीला तर कंसाने आधीच पुन्हा लोखंडी बेड्या घातल्या होत्या. आखाड्याच्या दारात कुवलयापीड हत्ती उभा केलेला. कृष्णाने तो मारला, त्याचा दात उपटून खांद्यावर टाकला, आणि अंगावर रक्ताचे शिंतोडे, तोंडावर घाम, अशा अवतारात दोघे भाऊ आत शिरले.

इथे व्यास कथा थांबवतात आणि सांगतात की आत आलेला हा कृष्ण कोणाकोणाला कसा दिसला. मल्लांना तो वज्रासारखा दिसला. साधारण लोकांना उत्तम पुरुष, बायकांना मूर्तिमंत मदन, गोपांना आपला माणूस, दुष्ट राजांना शिक्षा करणारा. कंसाला मृत्यू दिसला. अजाण लोकांना विराट, योग्यांना परम तत्त्व, वृष्णींना कुलदैवत. आणि आई-बापांना? आई-बापांना शिशू दिसला. लेकरू.

(माझ्या धंद्यातला माणूस याला एकच डेटा आणि दहा व्ह्यू म्हणेल. म्हणू दे.)

मला या यादीत आवडतं ते हे की व्यासांनी तिला वर-खाली लावलेलं नाही. योग्यांना परम तत्त्व दिसलं म्हणून ते पहिल्या नंबरवर आणि आई-बापांना नुसतं लेकरू दिसलं म्हणून ते मागे, असं कुठे नाही. त्याच दमात, त्याच श्लोकात दोन्ही. हत्ती मारून, रक्ताने माखून आलेलं पोर, आणि त्याच्याकडे बघून आईला वाटतं, हे तर तान्हं आहे. यात व्यासांना काही चूक दिसत नाही.

वयाचंही बघा. तिसऱ्या स्कंधात म्हटलंय की कृष्ण नंदाच्या गोकुळात अकरा वर्षं राहिला. म्हणजे मथुरेत आला तेव्हा साधारण तेवढाच. आजच्या शालेय नियमाने हे पोर चौदा वर्षांखालील गटात. समोर चाणूर, कंसाचा पगारी मल्ल, खुल्या गटातला.

आणि कृष्ण स्वतःच ते बोलून दाखवतो. तो म्हणतो, आम्ही पोरं आहोत, आमच्या बळाच्या जोडीदारांशी आम्ही खेळू, कुस्ती रीतसर व्हावी, म्हणजे इथे बसलेल्यांना अधर्म लागायचा नाही. हे वाचलं की मला सकाळचा वजनकाटा आठवतो. १४, १७, १९ वर्षांचे गट, त्यात पुन्हा किलोकिलोने पाडलेले वजनगट, उपाशीपोटी रांगेत उभी पोरं, काट्यावर अर्धा किलो जास्त भरलं की मैदानाला पळत चकरा. कंटाळवाणा प्रकार वाटतो. पण तुल्यबळ जोड लावण्याची ही जी धडपड आहे ती कृष्णाच्या त्या एका मागणीतली आहे. चाणूराने ती मागणी उडवून लावली. हजार हत्तींचं बळ असलेला हत्ती मारलास, तू कसला पोर, असा त्याचा युक्तिवाद. वजन न करताच जोड लागली.

मग प्रेक्षकांतल्या बायका कुजबुजायला लागतात. डोंगरासारखे हे मल्ल आणि कोवळ्या अंगाची ही पोरं, ही कसली जोड? जिथे अधर्म चाललाय तिथे थांबू नये. सभेतले दोष माहीत असून जो गप्प बसतो, किंवा मला काय माहीत म्हणतो, त्यालाही पाप लागतं. हे त्या आखाड्यातल्या सामान्य बायका बोलतात, आणि ऋषींच्या तोंडी शोभेल असं बोलतात. आपल्या मैदानांना हे लावून बघा. खोटा जन्मदाखला जोडून मोठं पोर लहान गटात उतरवणं कुस्तीत नवीन नाही, कोणत्याही तालमीत विचारा. वजन बसावं म्हणून चौदा-पंधराच्या पोराचं पाणी तोडणं हेही नवीन नाही. बाजूला बसलेल्या सगळ्यांना ते दिसत असतं. आणि आपण काय म्हणतो? आपल्या पोराचा विषय नाही ना, मग जाऊ दे.

आता आजचा मुख्य मुद्दा. त्या बायकांचं हे घाबरं बोलणं आई-बापांच्या कानावर पडलं आणि ते तळमळले. भागवत कारणही देतं: मुलांवर माया होती, आणि मुलांचं बळ त्यांना ठाऊक नव्हतं.

कसं ठाऊक असणार? पूतना, कालिया, गोवर्धन, सगळं गोकुळात घडलं. वसुदेवाने पाहिलं होतं ते एका रात्रीचं बाळ. अंधारात, यमुनेतून, जीव मुठीत धरून त्याने जे नेलं, त्याच्या हातांना त्या मुलाचं तेवढंच वजन माहीत होतं. अकरा वर्षांनी तोच मुलगा चाणूरासमोर उभा. बापाच्या हातांत अजून तेच वजन.

वसुदेवाची तर गोष्ट वेगळी, तो कैदेत होता. पण ज्यांची पोरं रोज डोळ्यासमोर वाढतात त्यांचंही काही फार वेगळं नसतं. गेल्या पंधरवड्यात मी सुट्टीवर महागावला होतो. माझी पुतणी, दादाची मुलगी, दहावीत आहे, १७ वर्षांखालील गटात ४६ किलोला खेळते. जिल्ह्याच्या स्पर्धेला यवतमाळला जायचं होतं. सोयाबीनची सोंगणी अर्धी राहिलेली, मजूर मिळत नव्हते, तरी दादा-वहिनी दोघंही निघाले. मीही गेलो.

तिच्या सरावाची जागा म्हणजे गावातली माती. स्पर्धा गादीवर. मातीत पाय रुततो, गादीवर सरकतो, आणि चौकोनाऐवजी गोलाच्या आत राहायचं असतं, बाहेर गेलं की गुण जातो. हे सगळं तिच्या वस्तादांनी तिला यवतमाळला पोचल्यावर पुन्हा एकदा समजावलं. दादालाही एक सांगितलं: "भाऊ, तुमी मांगं बसा. तुमचा आवाज आला का तिचं ध्यान फुटते." दादा काही बोलला नाही. तिसऱ्या ओळीत जाऊन बसला, तिचं दप्तर मांडीवर घेऊन.

कुस्ती लागली. दोन मिनिटांचा पहिला डाव, समोरची मुलगी अंगाने भरलेली, आमच्या पोरीचे चार गुण गेले. आमच्या मागे दोन बायका बसल्या होत्या, बहुतेक दुसऱ्या शाळेच्या मुलींबरोबर आलेल्या. त्यांचं चालू होतं: "माय वो, केवढीशी पोट्टी! आन् समोरची पाय कशी दांडगी हाय." दुसरी म्हणाली, "पोरीच्या जातीले काहून उतरवतेत बापा याच्यात? हात-गीत मोडला तं लगन कोन करन?"

वहिनीने हे ऐकलं. मी तिच्या शेजारी होतो, मला दिसलं. तोवर ती बरी होती. ते ऐकलं आणि तिने डोळे मिटून घेतले. भागवतातला तो श्लोक मी अनेकदा वाचला होता, पण आई-बापांची भीती बायकांचं बोलणं ऐकून पेटते हा बारकावा मला तिथे, त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर कळला. समोरची कुस्ती तीच होती. मागून चार शब्द आले आणि पोरगी एकदम लहान दिसायला लागली.

आणि दादा? दादाने तोंड उघडलं नाही. वस्तादांना शब्द दिला होता. पण दप्तराचा पट्टा त्याने बोटांना असा गुंडाळला होता की बोटं पांढरी पडली. ऑफिसात आम्ही ज्याला रीड-ओन्ली म्हणतो तशी त्याची अवस्था: सगळं दिसतंय, हात कशालाच लावता येत नाही. कंसाला त्यासाठी लोखंड लागलं. दादाला एक दप्तर पुरलं.

तीस सेकंदांची विश्रांती झाली. वस्ताद तिच्याशी काय बोलले आम्हाला ऐकू आलं नाही. दुसऱ्या डावात तिने पट काढला, समोरचीला खाली घेतलं, खांदे टेकवले आणि पंचांनी गादीवर हात मारला. चितपट. कुठून आला हा पट? दादा मला नंतर म्हणाला, "घरी तं हे पोरगी पान्याचा हंडा उचलताना कुरकुर करते." म्हणजे तेच. बळ ठाऊक नव्हतं.

कुणी म्हणेल, मग आई-बापांची माया ही अडचणच झाली की. तसं मला वाटत नाही. मायेला बळ दिसत नाही एवढंच. ते बघायला दुसरं कुणीतरी लागतं, आणि म्हणून त्या आखाड्यात कृष्णाला दोन बाप होते हे मला महत्त्वाचं वाटतं. एक बेड्यांतला वसुदेव, एक मंचावरचा नंद. नंदाने कालियाचा डोह पाहिलेला, सात दिवस गोवर्धनाखाली उभा राहिलेला. कुस्तीतल्या पोरांचंही असंच असतं, घरचा एक बाप आणि तालमीतला एक. घरी ताप आला की कोण जागतं हे एकाला माहीत, आणि दम कितव्या मिनिटाला संपतो हे दुसऱ्याला.

महाराष्ट्रात याचं मोठं उदाहरण खाशाबा जाधवांचं. कराडजवळच्या गोळेश्वरचे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पोराला मातीत त्यांनीच उतरवलं. कराडच्या टिळक हायस्कूलचा विद्यार्थी, पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी तिथे कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आता विचार करा, प्राचार्यांच्या घरच्यांना काय वाटलं असेल? कोणाचा मुलगा, कोणती कुस्ती, आणि गहाण आपलं घर! कुस्ती संपल्यावर कृष्ण नंदबाबाला जे सांगतो ते इथे आठवतं: जन्म देणाऱ्यांना सांभाळता आलं नाही अशी लेकरं ज्यांनी आपली म्हणून वाढवली, तेच आई, तेच बाप. खाशाबांचे वडील होतेच. पण हेलसिंकीचं तिकीट काढून देणारा बाप दुसरा होता.

आणि प्रत्येक तालमीत एक मारुती असतो. आपल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळही १९१४ पासून त्याच नावाने उभं आहे. पैलवान मारुतीपुढे ऊद लावतात, मातीत तेल-ताक-हळद घालतात, तिला नमस्कार केल्याशिवाय पाय ठेवत नाहीत. बळाची देवता म्हणून आपण त्याला पूजतो, पण रामायणात या देवतेची एक गंमत आहे. समुद्रकाठी सगळे वानर आपण किती लांब उडी मारू हे सांगत असतात आणि हनुमान एका बाजूला गप्प बसलेला असतो. त्याचं बळ त्याला सांगावं लागतं. सांगतो कोण? म्हातारा जांबवान. आणि कसं सांगतो? त्याच्या बाळपणाची गोष्ट काढून. तू तान्हा असताना सूर्याला फळ समजून झेपावला होतास, आठव.

हे मला फार बोलकं वाटतं. देवकीलाही बाळपण आठवत होतं, जांबवानालाही बाळपणच आठवत होतं. एकाच आठवणीने देवकी घाबरली आणि हनुमान उठून उभा राहिला. म्हणजे लेकराला लेकरू म्हणून बघणं सोडायची गरज नाही. तू पाच वर्षांची असताना बैलाच्या दाव्याला लोंबकळली होतीस आणि सोडली नव्हतीस, हे दादाला आठवतंच की. तेच तिला स्पर्धेच्या आदल्या रात्री सांगता येतं. "पडू नको, सांभाळून खेळ" म्हणायच्या ऐवजी. (हे मी दादाला सुचवलं. तो म्हणाला, "तू सांग, मले गोठी सांगता येत नाही." मी सांगितली. ती म्हणाली, काका, ती मी नव्हते, ती ताई होती. असो.)

आता प्रार्थनेचं. अशा वेळी देवाकडे मागायचं काय? मला हा प्रश्न आधीही एका वाचकाने विचारला होता, त्यांचा मुलगा तेव्हा विभागाला खेळत होता. "जिंकू दे" असं मनात येतंच, ते येऊ नये असं म्हणणारा मी कोण. पण एक लक्षात घ्या. गीता उघडली की पहिला बोलतो तो एक बाप आहे. आंधळा धृतराष्ट्र, रणांगणाबाहेर बसलेला, संजयाला विचारतोय की काय झालं. आणि त्याच्या पहिल्याच प्रश्नात त्याने मैदानाचे दोन भाग केलेत, माझे आणि पांडूचे. पांडूची पोरं म्हणजे भावाचीच पोरं. तोही आई-बापांपैकीच, त्याचीही माया खरीच. फक्त ती माझ्या पोरांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते.

भागवतातल्या या आई-बापांच्या तळमळीत चाणूराचं वाईट व्हावं असं एक अक्षर नाही. नुसती काळजी आहे. आणि कंस पडल्यावर त्याच्या बायका रडत होत्या, तर कृष्णाने त्यांचं सांत्वन केलं आणि मेलेल्यांचे अंत्यसंस्कार रीतीने करायला लावले. जिंकलेल्याने केलेलं हे पहिल्या काही कामांतलं एक.

यवतमाळला गादीच्या पलीकडे त्या दुसऱ्या मुलीचा बाप उभा होता. त्याच्याही हातात दप्तर. पोरगी चितपट झाली तेव्हा त्याने दप्तर खाली ठेवलं, पुन्हा उचललं, मग पुन्हा खाली ठेवलं. त्यालाही घरून निघताना कुणीतरी सोंगणी अर्धी टाकून जाऊ नको म्हटलंच असेल. दोन बाप एकाच वेळी, एकाच देवाकडे, उलट्या गोष्टी मागतात. मारुतीने कुणाचं ऐकावं? म्हणून त्या वाचकाला मी तेव्हा लिहिलं होतं की दोन्ही पोरांना इजा होऊ देऊ नको, एवढं मागा. ते मागताना समोरच्या बापाशी भांडण राहत नाही. पुढचं निकालावर सोडा. त्यांनी उत्तर पाठवलं होतं, "प्रयत्न केला, जमलं नाही, शेवटी जिंकू दे असंच निघालं तोंडातून." प्रामाणिक उत्तर आहे. देवालाही ते चालत असावं.

आता शेवटचा भाग. चाणूर पडला, मुष्टिक पडला, कूट, शल, तोशल पडले. बाकीचे मल्ल पळाले. मग दोघा भावांनी काय केलं? आपल्या गवळी सवंगड्यांना आखाड्यात ओढलं आणि त्यांच्याबरोबर नाचले-खेळले. पोरंच ती! मग कंसाचा शेवट. आणि मग दोघं आई-बापांकडे गेले, बेड्या तोडल्या, पायांवर डोकं ठेवलं.

इथे आपण अपेक्षा करतो की देवकी त्याला कवटाळेल. अकरा वर्षं! पण भागवत सांगतं की दोघांनी मुलांना मिठी मारली नाही. हे जगाचे ईश्वर आहेत हे त्यांना कळून चुकलं होतं, आणि ते बिचकले.

मी इथे वाचताना बराच वेळ थांबलो. कुस्तीच्या आधी भीती होती, कारण बळ ठाऊक नव्हतं. आता बळ ठाऊक झालं, तर मिठी गेली. आधी शिशू दिसत होता, आता जगदीश्वर दिसतोय, आणि जगदीश्वराला मांडीवर कोण घेणार?

हे फक्त देवाच्या बाबतीत होतं असं समजू नका. पुतणीने पहिली कुस्ती मारली तेव्हा आमच्या इथे काय झालं सांगतो. शाळेचे सर धावले, फोटो निघाले, कुणी तिचा हात वर धरला, दादाने मोबाइल काढून रेकॉर्डिंग सुरू केलं, मी घरी व्हिडिओ कॉल लावला. पाच-सात मिनिटं ती आमच्या सगळ्यांच्या मध्ये उभी होती आणि तिला कुणी हात लावला नव्हता. सगळे पैलवानाकडे बघत होते. तिचं कोपर गादीवर घासून सोलून निघालं होतं, रक्त मनगटापर्यंत आलेलं. ते वहिनीला दिसलं. ती गर्दीत घुसली, "सरका बापा जरा" म्हणाली, पदराने ते पुसलं आणि तिला बाजूला नेऊन केळं खायला घातलं. आदल्या रात्रीपासून पोरीच्या पोटात नीट काही नव्हतं.

उपांत्य फेरीत ती गुणांवर हरली. तेव्हा फोटोवाले कुणी नव्हते. दादा उठला, तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि हात तिथेच ठेवला, गाडीपर्यंत. परतीच्या वाटेवर आर्णीला थांबून तिने दोन प्लेट तर्री-पोहे खाल्ले. डाव कुठे चुकला हे दादाने विचारलं नाही. वस्ताद बघतील ते.

तर मिठी न मारणाऱ्या आई-बापांसमोर कृष्ण काय करतो? ४५ व्या अध्यायाच्या अगदी सुरुवातीला हे आहे. त्याच्या लक्षात आलं की यांना आपलं खरं रूप कळलंय. त्याला वाटलं, हे असं नको. म्हणून त्याने आपली माया पसरली आणि स्वतःचं ईश्वरपण त्यांच्या नजरेआड केलं. जे ज्ञान मिळावं म्हणून योगी जन्म घालवतात, ते ज्ञान आई-बापांना मिळालं होतं आणि देवाने ते परत झाकलं. का? त्यांना मुलगा मिळावा म्हणून. आणि त्यालाही आई-बाप हवे होते असं मी वाचतो.

मग तो त्यांच्याशी बोलतो, आणि बोलतो ते अगदी मुलासारखं. म्हणतो, तुम्ही सतत आमची वाट बघत राहिलात, पण आमचं बाळपण, पोरपण, वाढतं वय, काहीच तुमच्या वाट्याला आलं नाही. आणि आई-बापांच्या घरी लाडात वाढण्याचं सुख आमच्याही नशिबी नव्हतं. तुमची सेवा करायचे एवढे दिवस वाया गेले, क्षमा करा. नुकतंच चाणूराला आपटलेलं, कंसाला सिंहासनावरून खाली ओढलेलं ते पोर हे बोलतंय.

मग वसुदेव-देवकीने दोघांना मांडीवर घेतलं, घट्ट धरलं आणि आसवांनी न्हाऊ घातलं. कंठ इतका दाटला होता की दोघांनाही एक शब्द बोलता आला नाही.

उद्याचं वाचन याच अध्यायाचा उरलेला भाग. दोघे भाऊ शिकायला सांदीपनींकडे जातात.

राम कृष्ण हरी.